साडेअकरास एक

३ मे
आजपासून गाडीचं काम हाती घेतलं. ही प्रतिज्ञा समजावी.
पंधरा जूनला लेकीला खाली शहरात हॉस्टेलवर सोडायचं आहे. तिची एकच अट: बाबांनीच सोडायचं, आणि आपल्याच गाडीतून. जन्मल्यावर दवाखान्यातून ती याच गाडीतून घरी आली. हल्ली मात्र चढ आला की गाडीला दम लागतो. तुमच्यासारखाच, असं बायको म्हणाली. विनोद नोंदवतो, मान्य करत नाही.

५ मे
दमाचं निदान झालं. दोष गाडीचा नाही, हवेचा. आमचं गाव इतक्या उंचीवर की हवा विरळ. सिलिंडरात ती भरतेच कमी. उपाय: आहे ती हवा जास्त दाबणे. पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबतो, तो कॉम्प्रेशन रेशो. आपला साडेआठास एक. याला इंजिन नव्हे, आळस म्हणावं.
फार दाबलं तर मिश्रण वेळेआधी पेटतं आणि इंजिन आतून ठोकू लागतं म्हणे. ती भीती दाट हवेच्या गावांना. निर्णय: साडेअकरास एक. आयुष्यभर संस्कृत शिकवलं. यंत्र तरी काय, सूत्रांचाच खेळ.

९ मे
जेवताना सिद्धांत घरच्यांना समजावला. लेक म्हणाली, बाबा, साडेनऊ ठेवलं तर? वरही चालेल, खालीही. तिला तडजोडीचे तोटे सांगितले. बायकोने विचारलं, पण हॉस्टेल खाली आहे ना? प्रश्न भूगोलाचा होता, विषय यंत्रशास्त्राचा. तसं सांगितलं. तिने ताट उचललं. माझं जेवण व्हायचं होतं.

१४ मे
मेकॅनिक ठरला. कुठल्याही कामाला 'होईल' म्हणतो, म्हणून गावात त्याला होईलशेठ म्हणतात. साडेअकरा होईल का? होईल. व्हॉल्व्ह लवकर मिटवणारा कॅम, म्हणजे दाबायची हवा निसटायला नको? होईल. दहा जूनच्या आत? होईल. इतका विचारी माणूस बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

२२ मे
पिस्टन आले. माथ्यावर उंचवटा, देखणे. दाब बाहेर निसटू न देणारं हेड गॅस्केट मात्र भलत्याच इंजिनाचं. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, थोडं कापून बसवा की सर. गॅस्केट म्हणजे काय शर्टाची कॉलर आहे? परत पाठवलं.
संकल्प: आता चिडायचं नाही.

२३ मे
चिडलो. होईलशेठ इंजिन उघडं टाकून भावाच्या घराला रंग द्यायला गेला आहे.

२ जून
मेव्हणा येऊन गेला. त्याची नवी ऑटोमॅटिक गाडी, जिला स्वतःचं मतच नाही. म्हणाला, दाजी, मीच सोडतो पोरीला. साफ नको म्हणालो. मग म्हणाला, बरं, ताईला आणि सामानाला घेऊन मागोमाग तरी येतो. बायकोने पढवलेलं दिसतंय. परवानगी दिली. वजन कमी झालेलं बरंच.

११ जून
इंजिन सुरू! शाळेसमोरचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये! लेकीने टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, छान, आता खाली नेऊन बघा. खाली काय, कुणीही जातं.

१५ जून, सकाळ
निघतोय. मेव्हण्याला सांगितलं, मी दिसेनासा झालो तर फोन कर.

१५ जून, दुपार
खाली, पेट्रोल पंपावर.
घाटात इंजिन लोण्यासारखं. ॲक्सिलरेटरवर पाय द्यावाच लागला नाही. ते मी इंजिनाचं यश समजत होतो. मग मैदान लागलं. पहिल्याच पुलाच्या चढावर पाय दिला आणि बॉनेटखाली कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खिळे खुळखुळवू लागलं. मी रस्त्याला दोष दिला. लेक म्हणाली, रस्ता तर गुळगुळीत आहे, बाबा. पाय काढला की गप्प, दिला की खुळखुळ. एक सायकलवाला पुढे निघून गेला, तोही मागे वळून बघत.
पंपावर सगळ्यात भारी पेट्रोल भरलं. डबा तोच, खिळे तेच. होईलशेठला फोन केला, म्हटलं मैदानात ठोकतंय. म्हणाला, होईल तसं. आधी का नाही बोललास? तर म्हणे, तुम्ही विचारलंत कुठं?
हॉस्टेलचं ऑफिस बंद व्हायची वेळ होत आली. लेक मामाच्या गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, बाबा, तुम्हीही या ना, मागे जागा आहे. गाडीपाशी कुणीतरी हवं, म्हणालो. ती उतरली, आपल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि पटकन काढला. तापलं होतं.
बायकोने पाण्याची बाटली माझ्या हातात ठेवली. तेवढं नको होतं.

१६ जून
गाडी ट्रकवर लादून वर आणली. ट्रकवाल्याला सहज त्याचं कॉम्प्रेशन विचारलं. डिझेल ना, असेल अठराला एक, म्हणाला, आपण कधी बघितलं नाही. पुढे गप्पा रंगल्या नाहीत.
घरासमोर उतरवली, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. शाळेचा चढ तिसऱ्यात. सिद्धांत निर्दोषच होता.

२१ जून
लेकीचा फोन. खोली बरी आहे, खिडकीतून रस्ता दिसतो. पहिल्या दिवशी उगीचच बघत होते, म्हणाली. गाडी ठणठणीत आहे, असं मी सांगितलं. मग झालं तर, म्हणाली. सुट्टीला मी बसने येते, तुम्ही स्टँडवर न्यायला या. आपल्याच गाडीतून. येतो म्हणालो.
फोन ठेवल्यावर नकाशा काढला. स्टँड आपल्या घरापेक्षा तसा खालीच आहे. फार नाही. बहुधा झेपेल.