तीन सारखे पॅक

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा तेच! ड्रिलच्या बॅटरीचे तीन पॅक — क, ख, ग. चार्ज करा, ड्रिलला लावा, लाकडात भोकं पाडत बसा, संपला की परत चार्ज. हत्यारं विकणाऱ्या एका कंपनीला यातला एक निवडायचा आहे. रंग एक, वजन एक, खोक्यावरचा आकडाही एकच. शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली, "तिळ्यांची आईसुद्धा चुकेल गं!" लोकांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून ही तपासणीची नोकरी धरली. सध्या माझंच मनगट धोक्यात आहे.

५ मार्च

फरक सापडला. क आणि ख फार तापले की आपोआप थांबतात. ग थांबत नाही. तापतच जातो — पार कव्हर मऊ पडेपर्यंत! शिडीवर चढलेल्या माणसाच्या हातात असा पॅक —

६ मार्च

ग उघडला. आतल्या पट्टीवर दादाच्या कारखान्याचा शिक्का. दादा तिथे हेच पॅक जोडतो.

आमच्या विभागाच्या बाईंना लगेच सांगितलं. "मग उद्या त्यातलाच दुसरा घे, आणि माझ्यासमोर लाव," एवढंच म्हणाल्या.

७ मार्च

दुसराही तसाच.

८ मार्च, रविवार

जेवताना राहवलं नाही, बोलून गेले. पॅक नापास झाला तर ऑर्डर जाणार, ऑर्डर गेली तर पॅक जोडायची दादाची लाइन बंद. आई कडाडलीच — "स्वतःची शाळा सोडून त्यानं तुला शिकवलं, ते त्याच्याच पुढ्यातलं ताट ओढायला?" दादा खाली मान घालून जेवत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, जरा मीठ सरकवा." नोकरी लागल्यापासून मी मॅडम!

९ मार्च

'थोडा तापतो' असं लिहिलं. खोडलं. 'जास्त वापरल्यास काळजी घ्यावी' — तेही खोडलं. गुळमुळीत शब्द शोधून शोधून डोकं बधिर झालं. शेवटी जे झालं तेच लिहिलं. तापतो, थांबत नाही. नापास. सही केली.

वाटायचं, खरं लिहिलं की मन हलकं होतं. कसलं काय! पाय ओढत घरी आले.

१६ मार्च

ऑर्डर गेली. लाइन बंद. दादा सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. आई माझ्यापुढे वाढते आणि पाठ फिरवून आत जाते. खूप दमले आहे. झोपूनही जाणार नाही असं हे दमणं.

१७ मार्च

दादाला विचारलंच — रागावलास का?

"राग कसला? तपासणीला धाडायचे पॅक आमच्याकडे वेगळे करतात, मॅडम. निवडक, वेळेवर थांबणारे. खोका भरायचं काम माझ्याकडे आलं. मी रोजचे भरले. साहेबांना सांगून सांगून थकलो होतो. म्हटलं, तिथे तू आहेस."