चवथीपर्यंत

२७ जुलै

आज परत भाई! गुरुदासाचे चुलतभाऊ, भावकीत मोठे, कुंपणापलीकडे घर. रोज काहीतरी निमित्त काढतात. परवा शेवग्याच्या शेंगा, आज पडवळ. तन्वीच्या खाटेकडे फिरकत नाहीत. दारापुढच्या खळ्यातूनच विचारतात, "डॉक्टर काय म्हणतत गो? चवथीपर्यंत निभावात मां?"

इतके दिवस वाटायचं, काळजीने विचारतात. आज डोक्यात उजेड पडला. चतुर्थीच्या तोंडावर माझं पोर गेलं तर अख्ख्या भावकीला सुतक. सगळ्यांचे गणपती अडकणार! माझी नऊ वर्षांची मुलगी यांना अडचण झालीय!

पडवळ शेजारच्या गाईला घातलं.

२९ जुलै, नागपंचमी

मूर्ती घडतात त्या गणपतीच्या शाळेत गुरुदास आमचा पाट देऊन आला. आजेसासऱ्यांच्या वेळेपासून त्याच पाटावर आमचा गणपती बसून येतो. (नवऱ्याला तोंडावर 'हे' म्हणते. इथे गुरुदास. इथे मला कोणाचा मान राखायचा नाही.)

भांडले. "कित्याक दिलास? मूर्ती शाळेतच रवली तर?" म्हणाला, "तन्वीन सांगल्यान." बस्स. उठून परसात गेला. नेहमीचंच.

गेल्या वर्षी शाळा सुटली की ती तिथेच जाऊन बसायची. उंदीर तीच रंगवायची. आता पाय जमिनीला टेकवत नाही. हाडातलं दुखणं छातीत गेलंय. गोव्याच्या डॉक्टरांनी मे महिन्यातच हात टेकले — "आता उपचार नाहीत, फक्त त्रास कमी करायचा." फक्त!

५ ऑगस्ट

शेवंती सिस्टर कणकवलीहून आली. आठवड्यातून एकदा येते, दुखणं थांबवायचं मॉर्फिन देते, पाठ बघते, पाय बघते. तिचं ते शांत बोलणं मला सहन होत नाही. "वहिनी, दुखायची वाट बघू नका. घड्याळ बघून द्यायचं."

काल दुपारचं औषध मी दिलंच नव्हतं. औषधाने ती झोपून राहते, माझ्याशी बोलत नाही म्हणून. मग संध्याकाळी अशी कळवळली की शेवटी मीच रडत रडत पाजलं. सिस्टरने बाटली उजेडात धरली, ओळखलं, आणि झाकण घट्ट लावून जागेवर ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं!

जाताना तन्वीला विचारत होती, "तुका काय व्हया गो?" तन्वी म्हणाली, "आमचो गणपती. आमच्याच घराक येवक व्हयो."

११ ऑगस्ट

पेज दोन चमचे. आज मला कोणी काही विचारू नये.

१६ ऑगस्ट

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक! आणि इथे तर पोर जिवंत आहे!

भाई आज आत आले, खुर्ची ओढून बसले. हळूच म्हणाले, "रागाव नको गो. समजा तसा काय झालाच, तर कोणाक कळवू नको. रडू-आरडू नको. गणपती पोचवले काय मगे सांग. कळला नाय तर सुतक नाय. चाकरमान्यांनी तिकिटां काढलेली आसत."

भटजींना फोनसुद्धा करून झाला होता. लहान मुलीचं सुतक तीन दिवसांचं धरायचं की दहा! म्हणजे माझ्या मुलीचा हिशोब हे लोक ओटीवर बसून करतात, आणि तिला मधल्या दारातून सगळं ऐकू जातं.

मी खुर्चीला हात घातला. "उठा," म्हटलं. उठले.

१७ ऑगस्ट

गुरुदास म्हणतो, "भाई वायट मनान बोलूक नाय." कोणत्या मनाने बोलले मग? दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. जेवण वाढलं, ताट आपटलं.

इथे लिहून ठेवते. तन्वीला काही झालं तर खळ्यात उभी राहून अशी बोंब मारीन की सगळ्या वाडीत एक गणपती बसणार नाही. मुंबईचे चाकरमानी आल्या पावली परत जातील. मग करा आरत्या!

२३ ऑगस्ट

सिस्टर म्हणाली, श्वास बदललाय. कधीही फोन करा, म्हणाली. मी विचारलं, "चवथीपर्यंत?"

माझ्याच तोंडातून आलं ते! भाईंचाच प्रश्न. बाहेर जाऊन चूळ भरली.

२६ ऑगस्ट

गुरुदासाने माटवी बांधली. गणपतीच्या डोक्यावर टांगायची चौकट, दरवर्षी तो आणि तन्वी मिळून कवंडळाची लाल फळं, सुपाऱ्या, रानफुलं बांधतात. या वर्षी खाट माजघरात आणली, तिला दिसेल अशी. ती बोटाने दाखवायची, तो बांधायचा. एक कवंडळ त्याने पाच वेळा सोडून परत बांधलं. तिला हसू आलं. मला त्याचा रागच आला — माझ्याकडे बघून इतक्यात हसली नव्हती.

मूर्तिकाराने उंदीर कोरा ठेवलाय म्हणे. "उद्या रंगवतलंय," म्हणाली. "गणपती हयसर इलो काय."

२७ ऑगस्ट, चतुर्थी

गुरुदास मूर्ती आणायला गेला आणि थोड्या वेळाने तन्वी गेली. कण्हली नाही. माझा हात धरला होता.

खळ्यापर्यंत गेले. पलीकडे भाई तोरण बांधत होते. तोंड उघडलं आणि मिटलं.

कळलं नाही तर सुतक नाही. भावकीचे गणपती गेले खड्ड्यात! तिला तो आमच्याच घरात हवा होता. गुरुदासाने त्याला उंबऱ्याच्या आत आणीपर्यंत सुतक माझं एकटीचं. पाप असेल तर तेही माझंच.

तिचे केस विंचरले, चादर सारखी केली. झांजा वळणावर आल्या. पायांवर घालायला पाण्याचा तांब्या भरलाय, निरांजन लावलंय. ओवाळायला मीच जाते.