डाख दिलेली गंगा

३ नोव्हेंबर २०२४

कारखान्याला टाळं लागलं! रामनगरहून लल्लनचा फोन — "माताजी, फाटक पे ताला पड़ गया।" मी देवापुढे साखर ठेवली. हे गेल्यावर महिन्याभरात वेणीमाधवभाऊजींनी मला तिथून काढलं. "वहिनी, आता घरीच आराम करा." आराम! गंगाजलाच्या तांब्याच्या गडूला डाख देऊन झाकण बंद कसं करायचं, हे त्या चाळीस बायकांना शिकवलं कोणी? मी!

५ नोव्हेंबर

सांगली-नाशिकची माणसं काशी करून निघाली की घरी गेल्यावरच्या मावंद्याच्या पूजेसाठी गंगा नेणारच. ह्यांना वाटलं, ब्रह्माघाटावर आपल्याकडे इतके यात्रेकरू उतरतात, तर बंद गडू आपणच का करू नयेत? दोघा भावांनी रामनगरला शेड घातली. विक्री ह्यांच्याकडे, भरणी भाऊजींकडे. एके काळी दिवसाला हजार गडू जायचे! मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, लोकांचं तेवढ्यात भागायला लागलं. बरं झालं. बुडू दे.

११ नोव्हेंबर

लल्लन आला होता. टाकीवर तोच असायचा. चहा अर्धा टाकून रडायला लागला.

"माताजी, अब झूठ नहीं बोलेंगे। सन सोलह के बाद घाट का पानी आया ही नहीं। बोरिंग का भरते थे।"

बोरिंगचं! आणि मी टाकीतलं पाणी गंगेचंच समजून डाख देत बसले. भरणी भाऊजींकडे होती. म्हणजे त्यांचंच काम हे!

एकवीसच्या एप्रिलमध्ये, कोरोनात, हे गेले. गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले. घाट दोनशे पावलांवर, पण जाता येईना. मी आपल्याच कारखान्याचा गडू फोडला. ह्यांनी तोंड फिरवलं — तापात शुद्ध कुठली! मी हनुवटी धरून दोन चमचे घातलेच. किती समाधान वाटलं होतं मला! काशीत जन्मलेला माणूस जाताना बोरिंगचं पाणी पिऊन गेला. भाऊजी, मी तुम्हाला सोडणार नाही.

१२ नोव्हेंबर

त्याच वर्षीचा एक गडू फडताळात निघाला. चिंचेने घासून ठेवला.

२० जानेवारी २०२५

भाऊजींनी अंथरूण धरलं. जाऊबाई, कालिंदी, सांगत होती — "ताई, डॉक्टर म्हणाले, अब घर पर ही सेवा कीजिए." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आतून आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

२ फेब्रुवारी

वहिनीच्या हातचीच गंगा घेईन, म्हणतात भाऊजी! घ्या की. तुमचंच पाणी तुमच्या घशात घालते. घोट उतरला की कानात सांगणार, काय प्यायलात ते. मग खुशाल जा.

९ फेब्रुवारी

दुपारी बोलावणं आलं. गडू पदराखाली घेऊन गेले. उशाशी कालिंदी, पायाशी त्यांचा मुलगा अनिश. मी सगळ्यांदेखत डाख फोडला. भाऊजींनी गडू पाहिला आणि ओठ घट्ट मिटले.

"ही नको, वहिनी. घाटावरून आणा."

सापडले! म्हटलं, "का हो? आपल्याच कारखान्याची आहे की!"

भाऊजी थांबत थांबत म्हणाले — "दादाला किती विनवलं मी... म्हणाला, रोज नावेनं एवढं पाणी कोण आणणार? भर बोरिंगचं. आणि हिला कळता कामा नये." दम लागला. "म्हणून तुम्हाला घरी बसवलं. तिथे राहिला असतात तर एक दिवस कळलंच असतं."

गडू तिथेच ठेवून आले.

१० फेब्रुवारी

सकाळीच पायऱ्या उतरून पाणी आणलं. चमचा पुढे केला, भाऊजींनी लगेच तोंड उघडलं.

ह्यांनी उघडलं नव्हतं. तेव्हा ह्यांना शुद्ध होती. मी हनुवटी धरली होती.