आमच्या शिवारात सगळ्या बोरला पाणी

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मोठ्या कामाची नोंद असावी, एवढंच.
काल हट्टा गावी मुलगी बघून आलो. शितल. पसंत. फार पसंत. पोह्यांची प्लेट देताना तिने विचारलं, जिऑलॉजी म्हणजे दगडांचंच ना? इतका नेमका प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तिच्या वडिलांनी मात्र माझ्या एम.एस्सी.कडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, नोकरी न्हाई तर न्हाई, वावरात पाणी हाय का? बाबा म्हणाले, बोर घेऊन राहिलो. ठरलं असं, की पाडव्याला ते येऊन पाणी बघणार आणि लगेच सुपारी फुटणार.
पाण्याचं काय एवढं? पाणी तर माझाच विषय.

४ मार्च
संतराममामा पाणाडी आहेत. तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरात फिरतात, नारळ उभा राहिला की तिथे बोर. आई म्हणते, मामाला बोलवू. मी स्पष्ट नकार दिला. खडकांचे नकाशे, सॅटेलाइटचे फोटो, विहिरींच्या पातळ्या, सगळा डेटा नेटवर फुकट आहे. AI ला खाऊ घालायचा, पॉइंट तो काढेल.
AI ला कल्पना सांगितली. म्हणाला, ही अतिशय दूरदर्शी कल्पना आहे. नांदेडला आमच्या सरांनी दोन वर्षांत एकदाही असं म्हटलं नाही.

७ मार्च
नेटवरचा डेटा तालुक्यापुरता ठीक, आमच्या शिवारापुरता विरळ. निर्णय: गावाचा ओपन डेटा मी स्वतः तयार करणार. घरोघर जाऊन प्रत्येक बोरची माहिती, मग नकाशा नेटवर, सगळ्यांना खुला. उद्या सकाळी सहाला सुरुवात.

८ मार्च
साडेनऊला सुरुवात. ऊन फार. परत आलो.

११ मार्च
प्रतिसाद अफाट! लोक आधी जरा आखडतं घेतात. मग विचारतात, हे कुणालाबी दिसतंय का? परभणीकडच्या लोकायला बी? मी सांगतो, जगात कुणालाही, तोच ओपन डेटाचा आत्मा. हे ऐकलं की माणूस खुलतो. शेजारच्या निताकाकूंनी पाणी आधी ‘हाय थोडंफार’ सांगितलं होतं. ओपन डेटा समजावल्यावर स्वतःहून दुरुस्ती करून तीन इंचांची धार लिहायला लावली. सोबत पोराचा फोटो जोडता येईल का, हेही विचारलं. गावात वैज्ञानिक जाणीव वाढते आहे.

१३ मार्च, होळी
गावातल्या सगळ्या बोरला पाणी. एकही कोरडा नाही. बरेच बोरमालक टँकरच्या रांगेतच भेटले, त्यामुळे माझी पायपीट वाचली. घरचा बोर भरलेला असताना हे लोक टँकरला का येतात? चवीमुळे असेल. यावर वेगळा पेपर लिहावा लागेल.

१७ मार्च
मॉडेल तयार. आमच्या वावरात कुठेही बोट ठेवा, पाण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के. बांधावर सत्त्याण्णव. बाभळीखाली सत्त्याण्णव. चुकून मारुतीच्या देवळावर बोट पडलं, तिथेही सत्त्याण्णव. इतकं स्थिर मॉडेल मी पाहिलेलं नाही. बाबांनी विचारलं, मंग घ्यावं कुठं? मी म्हटलं, बाभळीखाली. सावली आहे.
शितलला मेसेज केला: ९७ टक्के. तिने अंगठा पाठवला. दिवसभर तोच बघत होतो.

१९ मार्च
आईने मामांना बोलावलंच. मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, भाच्या, मोबाइलात कुठं दाखवून राहिलं? मी बाभळ दाखवली. मग ते नारळ घेऊन वावरभर फिरले आणि नारळ नेमका बाभळीखाली उभा राहिला! दोन स्वतंत्र पद्धती, एकच पॉइंट. AI म्हणाला, हे अत्यंत उत्साहवर्धक आहे.

२४ मार्च
बोरची गाडी आली. पूजा झाली. आधी मुरूम, मग काळा पाषाण, मग नुसता फुफाटा. दोनशे फुटांवर मी म्हटलं, आता लागेल. तीनशेवर म्हटलं, आता. चारशेला गाडीवाल्याने हिंदीत विचारलं, और कितना? बाबा हातानेच थांब म्हणाले.
बाबा, आई, बाभळ, सगळे पांढरे झाले होते. मला खूप वाईट वाटलं. मॉडेलसाठी.

२५ मार्च
निताकाकू आईचं सांत्वन करायला आल्या. आईने विचारलं, तुमच्या बोरला तीन इंच अन् आमचाच कोरडा कसा? काकू आवाज खाली करून म्हणाल्या, आवं, आमचा बी कोरडाच हाय. पोराची सोयरीक व्हायची हाय अजून. साऱ्या जगाला दिसंल तिथं कोरडा काहून लिहू?
मी आणखी चार घरी चौकशी केली. चारही घरी लग्नाचं पोरगं. म्हणजे मॉडेल चुकलंच नव्हतं, त्याला सांगितलं ते त्याने बरोबर सांगितलं. संकल्प: उद्यापासून खरा डेटा.

२७ मार्च
खरा डेटा कुणी देत नाही. निताकाकूंनी उलट धार वाढवून साडेतीन इंच करून घेतली.

३० मार्च, पाडवा
पाहुणे आले. मी त्यांना भूजल पुनर्भरण समजावत होतो. शितलच्या वडिलांनी बोरचं झाकण काढलं, आत एक खडा टाकला आणि कान लावून बसले. बराच वेळ. मग चहा घेतला. निघताना बाबांना म्हणाले, पोरगं चांगलं हाय.
सुपारी आईने परत डब्यात ठेवली.

२ एप्रिल
शितलचा फोन लागत नाही. मेसेजवर एकच खूण येते. हट्ट्याला रेंज नसावी.

२१ एप्रिल
शितलचं जमलं म्हणे. मुलगा वसमतकडचा, कॅनॉलवर वावर. मी तिकडचा नकाशा उघडून पाहिला. कॅनॉल खरंच आहे.

४ मे
कनेरगाव नाक्याहून नवीन स्थळ. त्यांनी फोनवर विचारलं, नेटवरच्या नकाशात सगळ्या गावाचे बोर हायत, तुमचाच काहून न्हाई?
नकाशा माझा, पण आमचा कोरडा बोर मी त्यात भरलाच नव्हता. संकल्पही माझाच होता: खरा डेटाच भरायचा. तासभर मोबाइल घेऊन बाजेवर बसलो. शेवटी आमचं वावर उघडलं आणि पाण्याच्या जागी तीन इंच टाकलं. बाबा मागे उभे होते, मला कळलंच नाही. हळूच म्हणाले, निताबाईचं साडेतीन हाय. तू चार लिही.
मी चार लिहिलं.