पत्नीस भरवता यावे म्हणून सहायकांच्या वर्गात प्रवेश मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
वृद्ध निवास व शुश्रूषा केंद्र.

विषय : शुश्रूषा सहायकांच्या प्रशिक्षण वर्गात वयाची अट शिथिल करून प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : १) भोजनकक्षाच्या दारावरील सूचना : "जेवणाच्या वेळी नातेवाइकांनी आत येऊ नये."
२) मुख्य परिचारिकांनी अर्जदारास दिलेली तोंडी समज.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, अर्जदार हा लांब पल्ल्याच्या बसवरील निवृत्त चालक असून त्याची पत्नी आपल्या निवासात तळमजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर असते. तिची स्मृती गेली आहे. सगळीच गेली असे नाही. माहेरची माणसे, शेजारणींची भांडणे, कपड्यांच्या घड्या कशा घालायच्या, हे सर्व शाबूत आहे. अर्जदाराचा चेहरा तेवढा त्यातून निसटला आहे.

१. अर्जदाराच्या नोकरीत घरी परतायची वेळ ठरलेली अशी नव्हतीच. कधी गाडी बंद पडे, कधी रस्ता. पत्नी मात्र ताटे झाकून बसून राही. "जेवून घेत जा की, कशाला जीव जाळतेस?" म्हणून अर्जदार चिडत असे. "तुम्ही आल्याशिवाय घास उतरत नाही," एवढेच तिचे उत्तर. संसारभर हे एकच भांडण पुरले आणि दर वेळी तीच जिंकली. हा मजकूर घरगुती आहे याची जाणीव आहे. परंतु पुढची सारी अडचण यातूनच उद्भवल्याने तो नमूद करणे भाग पडले.

२. निवासात आल्यापासून पत्नी जेवेनाशी झाली. तिच्या टेबलाकडच्या सहायक ताईंनी चमचा पुढे केला की ती ओठ घट्ट मिटून घेई आणि म्हणे, "हे यायचे आहेत अजून." अर्जदार समोरच बसलेला असे. "अगं, मी आलोय, बघ तरी," असे त्याने परोपरीने सांगितले. तिने अंग चोरून घेतले आणि ताईंना हळूच विचारले, "हे गृहस्थ कुणाकडे आलेत?" अर्जदाराने आग्रह वाढवला तशी ती घाबरली आणि वाटी कलंडली. पुढे तिचे कपडे अंगावर लोंबू लागले, आणि डॉक्टरांनी नाकातून नळी घालण्याचा विषय काढला.

३. अशा वेळी एके दुपारी ताई सहज बोलून गेल्या, "आजी, तुमचे हे केव्हाच जेवून गेले. आता तुम्ही घ्या." पत्नीने तोंड उघडले. त्यानंतर मुख्य परिचारिकांनी अर्जदारास बाजूला घेऊन सांगितले, "काका, परकं माणूस समोर बसलं की त्या बावरतात. जेवणाच्या वेळी येऊ नका. वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटले नाही असे लिहिणे खोटे होईल. तथापि समज योग्य होती. तेव्हापासून अर्जदार बाहेरच्या बाकावरून दाराच्या काचेतून पाहत असतो. ताई खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांसमोर येईल अशा बसतात, उभ्याने भरवत नाहीत. तिची पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. अर्धाच चमचा, आणि गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा नाही. शेवटी गालात घास राहिलाय का ते पाहतात आणि तिला लगेच आडवे होऊ देत नाहीत.

४. मध्यंतरी निवासात उलट्यांची साथ आली आणि बरेच सहायक आजारी पडले. भोजनकक्षात ताई एकट्याच होत्या. त्यांनी दार उघडून हाक मारली, "काका, साबणानं हात धुवा आणि हा एप्रन चढवा." अर्जदार टोपी-मास्क लावून पत्नीसमोर बसला. तिने निरखून पाहिले. "तुम्ही नवीन का?" अर्जदार हो म्हणाला. "आमचे हे जेवले का?" "जेवले. पोटभर जेवले. मागून घेतलं पुन्हा." तेव्हा ती हसली. "मागून घेतलं? मग आज स्वारी खुशीत दिसतेय," म्हणाली आणि तिने तोंड उघडले. घासागणिक ती बोलत राहिली. हे फार तापट आहेत, पण मनाचे कोवळे आहेत. गाडीवर असले की धड खात नाहीत, म्हणून काळजी वाटते. वाटी संपली. "तुमचा हात हलका आहे हो," असेही ती म्हणाली. अर्जदारास त्या दिवशी एप्रन उतरवून बाहेर यायला बराच वेळ लागला.

५. प्रकार वरिष्ठांच्या कानावर जाऊन ताईंना बोलणी बसली. त्यांच्यावर कारवाई होऊ नये, ही कळकळीची विनंती. नियमाबद्दल तक्रार नाही. त्या दिवशी भरवताना एकदा पत्नीला ठसका लागला तेव्हा अर्जदार चमचा हातात धरून नुसता थिजून गेला होता. ताई धावल्या म्हणून निभावले. काचेतून पाहिलेले पुरत नाही, ते शिकावेच लागते, हे अर्जदार त्या क्षणी समजला. वर्गाच्या चौकशीसाठी गेला असता लिपिकांनी वय पाहून विचारले, "या वयात नोकरी कशाला हवी, आजोबा?" नोकरी नको, वेतनही नको. कूस बदलणे, अंग पुसणे, चादरी बदलणे, जे शिकवाल ते अर्जदार करील आणि सांगाल त्या टेबलावर बसेल. त्यात अधूनमधून खिडकीजवळच्या खाटेची पाळी यावी, इतकेच मागणे आहे.

६. प्रवेश मंजूर झाल्यास आणखी एक सवलत मिळावी. आपल्याकडे सहायकांच्या गणवेशावर नावाची पट्टी असते. पत्नीस अक्षरे अजून लागतात. भिंतीवरच्या पाट्या ती मोठ्याने वाचते. तरी अर्जदाराच्या पट्टीवर फक्त 'सहायक' असे असावे, नाव नसावे. ते नाव तिने वाचले, तर "हे यायचे आहेत अजून" म्हणून ती चमचा बाजूला सारील आणि दाराकडे पाहत बसेल.

आपल्या उत्तराची बाकावर वाट पाहणारा,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : ११ फेब्रुवारी

सोबत : १) वयाचा दाखला. २) हात कापत नसल्याबाबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र.