रांग ‘ब’ मधील ओंडक्यांना अळिंबी आल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख संशोधक,
शिताके अळिंबी लागवड व उपयोग प्रकल्प,
वाशीम.

विषय : रांग ‘ब’ शी छेडछाड करणाऱ्याचा शोध घेणे व प्रयोग मेडशीहून कामरगावला न हलविणेबाबत.

संदर्भ : आपले दिवाळीनंतरचे पत्र, तसेच संशोधन सहायक पल्लवी मनवर मॅडम यांनी चहा न घेता दिलेली तोंडी समज.

महोदय,

१. अर्जदार पुंजाजी राघोजी घुगे हा मेडशीचा माजी पोलीस पाटील असून, लोकांवर संशय घेण्याचे काम त्याने उमेदीच्या काळात इमानेइतबारे केले आहे. आता उतारवयात त्याच्याच घरावर संशय आला, ही बाब त्याच्या जिव्हारी लागली आहे.

२. अर्जदाराची कापूस साठवायची मातीच्या भिंतींची खोली थंड राहते, म्हणून आपण तेथे आंब्याचे ओंडके ठेवले. त्यांना भोके पाडून अळिंबीचे बियाणे भरले व वरून मेण लावले. गावाने यास कुत्र्याच्या छत्र्यांचा कारखाना म्हटले, तरी अर्जदाराने सहन केले. रांग ‘अ’ चे ओंडके हौदात बुडवून लाकडी हातोडीने ठोकायचे, म्हणजे आतली बुरशी जागी होऊन अळिंबी धरते. रांग ‘ब’ ला मात्र कोणी हात लावायचा नाही. ती तुलनेसाठी तशीच ठेवायची, असे ठरले होते. रोजची देखभाल अर्जदाराची पत्नी सौ. तुळसाबाई करते. ही खोली मिळाल्यापासून ती सकाळी गुणगुणत उठते. त्यामुळे ओंडके कामरगावला गेले तर अर्जदाराच्या घरात काय उरेल, हे त्याला चांगले ठाऊक आहे.

३. असे असता, दिवाळीनंतर रांग ‘ब’ ला ‘अ’ पेक्षाही जोमदार अळिंबी आली. मॅडमचा चेहरा पडला आणि प्रयोग कामरगावला हलविण्याचे आपले पत्र आले. अर्जदाराचा पहिला संशय शेजारी भागवत याच्यावर आहे. कारणे अशी की, त्याची भिंत खोलीला लागून आहे, त्याने एकदा अळिंबीचा भाव विचारला होता, आणि विचारपूस करताच तो म्हणाला, “पाटील, कुत्र्याच्या छत्र्यांसाठी मी काहून रात खराब करू? मले काय याड लागलं?” निर्दोष माणूस रात्रीचा उल्लेख आपण होऊन करत नाही, असा अर्जदाराचा अनुभव आहे.

४. दुसरा संशय, राग नसावा, खुद्द मनवर मॅडमवर आहे. त्या तोडलेली अळिंबी उन्हात उताणी वाळत घालतात आणि तिच्या पोटाला ऊन लागले की गुण वाढतो असे सांगतात. अर्जदाराने जन्मात कोणाला भाजी उताणी वाळवताना पाहिलेले नाही. तरी या प्रकाराचा लेखी खुलासा मिळावा.

५. अर्जदाराने स्वखुशीने पंचनामा केला. रांग ‘ब’ च्या सालीवर ठिकठिकाणी गोल वळ आढळले. हातोडीचा वळ एवढा नसतो. वळाचे माप मुसळाच्या टोकाच्या लोखंडी कड्याशी तंतोतंत जुळते. गल्लीत मुसळ आता दोनच घरी उरले आहे. पैकी भागवतचे मुसळ तात्काळ जप्त करावे, त्याच्यावर कारवाई व्हावी आणि प्रयोग मेडशीतच ठेवावा, ही विनंती.

६. येथपर्यंत अर्ज लिहून अर्जदार भागवतकडे मुसळ पाहण्यास गेला. ते दाराला टेकण म्हणून लावलेले असून त्याचे कडे केव्हाच निखळून पडले आहे. भागवतने चहा पाजला. घरी येऊन अर्जदाराने स्वतःचे मुसळ उजेडात धरले. कड्यात आंब्याची साल आणि मेण अडकलेले होते.

७. तुळसाबाईने काहीही लपवले नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होते. ग्रहणात न फळणाऱ्या झाडाला, ते फळावे म्हणून, मुसळ लावण्याची आमच्याकडे रीत आहे आणि ग्रहण सुटल्यावर घरातले भरलेले पाणी ओतून टाकतात. तिने मुसळ रांग ‘ब’ ला लावले आणि घरातले सगळे पाणी वाया न घालवता त्याच ओंडक्यांवर ओतले. तिचे म्हणणे जसेच्या तसे येणेप्रमाणे : “मॅडम मनल्या, ही रांग रिकामीच राहीन. कोणी पाणी देलं नाही, कोणी हात लावला नाही, अन् मंग मनाचं का इले फळ येत नाही! मी जोरानं नाही मारलं. हळूच लावलं.”

८. अर्जदार व तुळसाबाई यांना अपत्य नाही. या बाबीचा तपास आजवर गावातल्या अनेकांनी न सांगता केलेला आहे आणि प्रत्येक वेळी संशयित एकच धरला गेला. हे ऐकून अर्जदाराला फार वाईट वाटले. कागद चांगला असल्याने व अक्षर बरे आल्याने वरील मजकूर न खोडता अर्ज पुढे चालू ठेवला आहे.

९. सबब सुधारित विनंती अशी की, भागवतवरील आरोप रद्द समजावा. छेडछाड करणारा म्हणून अर्जदाराचे नाव लिहावे. जबाबही त्याचाच घ्यावा. तुळसाबाईला कार्यालयात बोलावू नये. तेथे “का केले?” असे विचारतील आणि चार लोकांसमोर तिला उत्तर द्यावे लागेल.

१०. प्रयोग कामरगावला न्यायचा असल्यास रांग ‘अ’ न्यावी, हरकत नाही. रांग ‘ब’ आता आपल्या तुलनेच्या कामाची राहिली नाही. ती येथेच राहू द्यावी. तुळसाबाई तिला रोज पाणी घालते.

अळिंबी उताणी वाळवण्याबाबतचा अर्जदाराचा संशय कायम आहे, याची नोंद घ्यावी.

आपला नम्र व भागवतपुरता निःशंक,
पुंजाजी राघोजी घुगे
माजी पोलीस पाटील, मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम
नोव्हेंबर २०२२

सोबत :
१. पंचनामा (पंच न मिळाल्याने अर्जदाराचीच सही).
२. मुसळ. (रद्द. तुळसाबाईला परत दिले.)
३. रांग ‘ब’ ची ओली अळिंबी, एक ओंजळ. मॅडमसाठी तुळसाबाईने स्वतः तोडली. पहिलीच आहे, नाही म्हणू नये.