बेडकांची बारा वर्षं, एका फोल्डरमध्ये

२ मार्च, रविवार
नेचर सेंटरच्या कॅरनचा सकाळीच फोन. शेजारच्या टाउनशिपमध्ये शाळेमागचं तळं बुजवून पार्किंग करायचं घाटतंय. टाउनशिपच्या बोर्डापुढे सुनावणी २५ ला. पार्किंगवाल्यांचं म्हणणं, ते तळं नाहीच. बर्फ वितळलं की साचणारं डबकं आहे, ऑगस्टपर्यंत आटतं, त्यात काही जगत नाही.
कॅरन म्हणाली, "शुभा, यू हॅव ट्वेल्व्ह इयर्स ऑफ फ्रॉग्ज!"
आहेत खरे. बारा वसंत त्या काठावर रेकॉर्डर धरून उभी राहिले आहे. तिला हवंय ते इतकंच : दर वर्षी पहिला बेडूक कोणत्या तारखेला ओरडला, आणि त्याचा आवाज.
"हो" म्हणून बसले. फोन ठेवल्यावर हाताकडे पाहिलं.

४ मार्च, मंगळवार
चाळीस मिनिटांत तीन फाइली उघडल्या. तीन!
डबल क्लिक म्हणजे दोन टिचक्या, एकाच जागी, एका दमात. माझा उजवा हात थरथरतो. दुसरी टिचकी पडेपर्यंत बाण खालच्या फाइलवर. किंवा दुसरी उशिरा पडते आणि कॉम्प्युटरला वाटतं मला नाव बदलायचंय. एका बेडकाचं नाव आज jjjj झालं.
रेवाला सिअ‍ॅटलला फोन केला. "आई, जस्ट शिप मी द ड्राइव्ह. आय'ल डू इट ओव्हर द वीकेंड."
गुणी पोर आहे. पण तिला कोरस फ्रॉगचं ओरडणं आणि दाराच्या बिजागरीचं करकरणं यांतला फरक कळत नाही.
चोवीस वर्षं गाड्यांच्या लॅबमध्ये काढली. डॅशबोर्डमागे कुठला स्क्रू सैल आहे ते डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगायचे. आता स्वतःचेच आवाज स्वतःला उघडता येईनात. "बघते" म्हणाले तिला.

५ मार्च, बुधवार
मिळालं!!
फाइलींच्या खिडकीत वर तीन टिंबं असतात. इतकी वर्षं समोर होती, कधी हात लावला नाही. आज वैतागून लावला. त्यात 'ऑप्शन्स', आणि पहिल्याच पानावर लिहिलेलं : एका क्लिकवर उघडा, की दोन. एवढंच. गोल भरायचा आणि ओके.
एक क्लिक. फाइल उघडली. खोलीभर बेडूक!
किंचाळलेच असणार, कारण आमचे श्री. स्वयंपाकघरातून हातात कालथा घेऊन धावत आले. "काय झालं? पडलीस का?"
"एका क्लिकवर उघडतंय!"
"काय उघडतंय?"
"बेडूक!"
पोहे करपले. तसेच खाल्ले, दोघांनीही.

८ मार्च, शनिवार
आता त्या ऑप्शन्समधून निघवतच नाही मला. ओळी दाटीवाटीच्या होत्या, त्या सुट्या केल्या, बाण चुकला तरी शेजारच्याला लागत नाही. अक्षरं मोठी केली. प्रत्येक फाइलपुढे टिकमार्कचा चौकोन आणला, म्हणजे निवडायला बोट दाबून धरायला नको. नावांमागे लपवलेलं .wav दिसायला लावलं.
गंमत म्हणजे फोल्डर उघडला की रकाने येतात : शीर्षक, कलाकार, अल्बम. सगळे रिकामे. आवाजाच्या फाइली पाहून कॉम्प्युटरने ठरवून टाकलंय की ही गाणी आहेत.
श्री. म्हणाले, "कलाकार नाहीत असं कोण म्हणतं?"
फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'म्युझिक' काढलं, 'जनरल' केलं, आणि आतल्या सगळ्या फोल्डरांना तेच लागू. एका झटक्यात बारा वर्षांचे कलाकार गायब. स्वतःच्या घरात फर्निचर हलवल्यासारखं वाटतंय.

९ मार्च, रविवार
घड्याळं एक तास पुढे. मी मात्र चार वर्षं मागे.
तारखेचा रकाना आणला. सगळ्या फाइलींना एकच तारीख. जून २०२१. सगळ्या, बाराशेच्या वर, २०१३ च्यासुद्धा. त्या जूननंतरच्या तेवढ्या सुटल्या.
त्या जूनमध्ये जुनी ड्राइव्ह कुरकुरायला लागली म्हणून श्री.नी सगळं नव्या ड्राइव्हवर घातलं होतं. जुनी फेकली.
"तुम्ही तारखा पुसल्यात."
"मी कॉपी केलं, शुभा. पुसेन कशाला?"
"मग या गेल्या कुठे?"
ते ताटं मांडायला उठले. फाइलींची नावं रेकॉर्डरनेच दिलेली, REC0047 वगैरे. तारखांशिवाय हे सगळं म्हणजे नुसता चिवचिवाट. बोर्ड हसेल.

११ मार्च, मंगळवार
आहेत! तारखा आहेत!
रकान्यांच्या मथळ्यावर उजवं क्लिक केलं, खाली 'मोअर'. आत ही भली मोठी यादी. कॅमेरा कुणाचा, फ्लॅश पडला का, काय काय. उतरत उतरत गेले. मी आणलेला रकाना 'क्रिएटेड'चा होता, म्हणजे फाइल या ड्राइव्हवर कधी आली ते. दुसरा एक असतो, 'मॉडिफाइड', आतला आवाज शेवटचा कधी बदलला ते. टिक केलं.
एप्रिल २०१३. मार्च २०१४. एप्रिल २०१५. धडाधड, वरपासून खालपर्यंत.
खात्री कशी करायची? २०१५ ची एक लावली. बेडकांच्या मागून रेवा, कंटाळलेली : "आई, इट्स माय बर्थडे अँड वी आर लिसनिंग टू फ्रॉग्ज." तारीख पाहिली. तिच्या वाढदिवसाचीच.
श्री.ना बोलावून दाखवलं. "चुकले मी," म्हटलं. त्यांनी चष्मा लावून सगळ्या तारखा पाहिल्या आणि म्हणाले, "नीट केली होती मी कॉपी." तीनदा म्हणाले. म्हणू दिलं.

१३ मार्च, गुरुवार
अख्खं २०१६ नाहीसं. बोट दाबलेलं राहिलं, हात थरथरला, आणि फोल्डर कुठल्या तरी दुसऱ्यात जाऊन पडला. रेवाला फोन, ती मीटिंगमध्ये होती तरी उचलला.
"आई, डोन्ट टच एनीथिंग. हिट कंट्रोल झेड."
दाबलं. आला परत, जणू कुठे गेलाच नव्हता.
मग तिला स्क्रीन दाखवली. "वेट. हाऊ डिड यू गेट दॅट कॉलम?" मी सांगितलं. "आय डिडन्ट नो यू कुड डू दॅट." माझी मुलगी! दिवसभर कॉम्प्युटरवर असते!
ड्राइव्ह पाठव, हे आज ती म्हणाली नाही.
आधी सगळ्याची दुसरी प्रत काढली. यापुढे ओढाओढ बंद. टिक करायची, कीबोर्डवरून कट, कीबोर्डवरून पेस्ट.

१६ मार्च, रविवार
फाइली तारखेनुसार गटात लावून पाहिल्या. जुन्या सगळ्यांवर एकच मथळा : 'फार फार पूर्वी', इंग्रजीत. हसू आलं, गट काढून टाकले. त्यापेक्षा नावंच बदलली : वर्ष, महिना, दिवस, मग बेडूक. आता नावाने लावलं की आपोआप ओळीत उभे राहतात.
रोज सहा-सात तास ऐकतेय. हेडफोनने कान दुखतात. तरी उठवत नाही. कोरस फ्रॉग म्हणजे कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवल्यासारखा. सगळ्यांत आधी तोच.
अकरा वर्षांचे पहिले सापडले. २०१८ अडकलं. त्या वर्षी रेकॉर्डरची बॅटरी संपून घड्याळ मागे गेलं होतं, सगळीकडे १ जानेवारी. मिशिगनमध्ये १ जानेवारीला बेडूक!
श्री. : "मार्चअखेर घाल. कोण तपासतंय?"
मी तपासतेय ना. 'तारीख माहीत नाही' असं नाव दिलं. बारा ओळींत ती एकच वेडीवाकडी दिसते. दिसू दे.

२६ मार्च, बुधवार
काल सुनावणी झाली. कॅरन दोन मिनिटं बोलली, मग माझा लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. सगळ्यांसमोर माझा फोल्डर. माझ्या मोठ्या ओळी, माझे चौकोन. हात नेहमीपेक्षा जास्तच थरथरत होता, आणि तो बाणही पडद्यावर थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता. दिसला तर दिसला.
२०१३. क्लिक. हॉलभर कंगवा.
२०१४. २०१५. माणसं हळूहळू फोन खाली ठेवत गेली.
बोर्डातले एक उंच गृहस्थ, पांढऱ्या भुवया, त्यांनी विचारलं, "व्हॉट हॅपन्ड इन ट्वेंटी एटीन?"
"फ्रॉग्ज हॅपन्ड," म्हटलं. "माय क्लॉक डिडन्ट. आय डोन्ट नो द डेट."
कोणी तरी हसलं. ते हसले नाहीत, कागदावर काही तरी लिहिलं.
निर्णय पुढच्या महिन्यावर. त्याआधी कोणी तरी जागा पाहून जाईल म्हणे.
घरी येताना गाडीत श्री. म्हणाले, "लॅबमध्ये अशीच बोलायचीस का?" मी म्हटलं, "याहून वाईट."

२९ मार्च, शनिवार
चार वाजता श्री.ना घेऊन तळ्यावर गेले, यंदाचा पहिला आला का बघायला. काठावर एक माणूस आधीच उभा. रबरी बूट, बोर्डातल्या त्याच पांढऱ्या भुवया. एकटाच.
म्हणाले, वीस मिनिटं चालतोय सगळीकडे, काहीच ऐकू येत नाही. देअर'ज नथिंग हिअर.
"यू'आर वॉकिंग," म्हटलं. "स्टँड."
उभे राहिले. आम्ही दोघंही. पाणी काळं, कडेला अजून बर्फाची पापडी. पाच मिनिटं. त्यांनी घड्याळ पाहिलं. श्री. शिंक दाबत होते, चेहरा लाल. दहा मिनिटं. मला वाटलं जातील आता.
मग डावीकडच्या वाळक्या गवतातून एक कंगवा. एकच.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटाने नुसतं गवत दाखवलं. ते तसेच उभे राहिले, दुसऱ्याची वाट बघत.